कराचीवरून जाणारी सरळ रेषा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारलं, "मुंबई ते लंडन अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो, यावर तासभर बोलण्यासारखं आहे काय? फोनला विचारलं तर दोन ओळींत सांगतो." सांगतो खरा. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, वेळ साधारण साडेनऊ ते दहा तास. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी भूगोल शिकवायचे, आणि विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : "कशावरून?" तोच प्रश्न आज या दोन आकड्यांना विचारू.

आधी भागाकार करू. आजचं मोठं प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. तिकिटावर मात्र साडेनऊ-दहा छापलेले असतात. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि हीथ्रोवर जागा मिळेपर्यंत आकाशात घातलेल्या घिरट्या यांचा अर्धा-पाऊण तास धरला तरी तासभर उरतो. तो कुठे जातो? थोडा वाऱ्यात जातो आणि बाकीचा राजकारणात. वाऱ्याचं गणित सोपं आहे, ते नंतर सांगेन. मला मुख्यतः दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे.

घरी पृथ्वीगोल असेल तर एक प्रयोग करा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच. तो दोरा मुंबईहून निघतो, समुद्रावरून वायव्येला जातो आणि थेट कराचीवर येतो. कराचीच्या बाजूने वगैरे नव्हे, शहरावरच. हिशोब मी करून पाहिला आहे, आपणही करून पाहा. पुढे बलुचिस्तान, मग इराण आणि अफगाणिस्तानची सीमा, तेहरानच्या पूर्वेकडून कास्पियन समुद्राचा दक्षिण काठ, मग जॉर्जिया. बरोबर अर्धा प्रवास होतो तेव्हा दोरा तिबिलिसीच्या जरा दक्षिणेला असतो. मुंबई आणि लंडनच्या ऐन मध्यावर जॉर्जियाची राजधानी आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या मनात कधी आलं असेल? तिथून काळा समुद्र, मग क्रिमिया, मग पश्चिम युक्रेन, पोलंडची दक्षिण कड, जर्मनी आणि लंडन.

आता भिंतीवरचा नकाशा घ्या, मर्केटर पद्धतीचा, आणि त्यावर फुटपट्टी ठेवा. ही रेषा वेगळी निघते. ती बंदर अब्बासवरून, म्हणजे होर्मुझच्या सामुद्रधुनीवरून जाते. पुढे बगदाद, मग तुर्कस्तान आणि सीरियाची सीमा, मग सोफिया. गंमत म्हणजे दोऱ्यापेक्षा ही रेषा फार लांब नाही, जेमतेम दोनशे किलोमीटरांनी जास्त भरते. विमानाला ती पंधरा मिनिटं. तेव्हा मुंबई–लंडनच्या बाबतीत पृथ्वी गोल असण्याचा फायदा फार मोठा नाही. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना तो प्रचंड असतो, इथे नाही.

पण दोन्ही रेषांवरची नावं पुन्हा एकदा मनात घोळवा. कराची, अफगाण सीमा, इराण, क्रिमिया, युक्रेन. नाहीतर होर्मुझ, बगदाद, सीरियाची कड. दोऱ्याने गेलात काय किंवा फुटपट्टीने गेलात काय, आपल्या आयुष्यात ज्यांच्या आकाशावर कधी ना कधी कुलूप लागलं अशाच देशांवरून जावं लागतं. या दोन शहरांमधलं अंतर भूगोलाने एकदाच ठरवलं. त्यानंतर दर दहा-वीस वर्षांनी ते परवानग्यांनी नव्याने ठरवलेलं आहे.

या हवाई वाटेची सुरुवातही कराचीपासूनच झाली. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची विमानसेवा सुरू केली. प्रवास आठवडाभराचा, आणि तोही सगळा विमानाचा नव्हे. लंडनहून बाझलपर्यंत विमान, बाझलहून जिनोआपर्यंत रेल्वे, तिथून पाण्यावर उतरणारं विमान, इजिप्त, इराक, आणि पुढे इराणच्या किनाऱ्याने बुशेर, जास्क करत कराची. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा झाला तो १९३६ मध्ये. विलायतेचं टपाल कराचीला उतरायचं आणि मुंबईसाठीचं पुढे रेल्वेने यायचं. ही शेवटची ८८० किलोमीटरची कसर जे. आर. डी. टाटांनी काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ जातीच्या एका चिमुकल्या विमानात टपालाच्या थैल्या घालून ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय विमानवाहतुकीचा जन्मदिवस म्हणून आपण ही तारीख साजरी करतो. ते योग्यच आहे. पण ती सेवा मुळात लंडनच्या धाग्याला मारलेली शेवटची गाठ होती, हे सांगायचं राहून जातं. त्याच १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. त्या मंडळींच्या पत्रांना त्यामुळे थोडे पाय फुटले असणार.

त्याच ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट घडली. माझ्या मते आजच्या विषयात ती जुहूच्या उड्डाणापेक्षाही मोठी आहे. इराणने आपल्या किनाऱ्यावरून उडण्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही. इंग्रजांना आखाताची दुसरी बाजू धरावी लागली. त्यांनी शारजाच्या शेखांशी करार केला आणि वाळूत धावपट्टी आखली. उतारूंना रात्री सुरक्षित झोपता यावं म्हणून एक गढीवजा विश्रामगृहही बांधलं. आज आपला निम्मा महाराष्ट्र दुबई-अबुधाबी-दोहा करत युरोप-अमेरिकेला जातो. त्या गर्दीचा एक धागा इराणच्या त्या नकारापर्यंत मागे जातो. तेलाने आणि पैशाने पुढचं सगळं घडवलं हे उघड आहे, पण विमानांना आखाताच्या त्या बाजूला आधी नेलं ते नाकारलेल्या परवानगीने. आणि आखाताची जागा इतकी मोक्याची आहे की मुंबई–दुबई आणि दुबई–लंडन ही अंतरं एकत्र केली तरी बेरीज ७,४३० किलोमीटरच्या आसपास येते. वळसा पडतो सव्वादोनशे किलोमीटरांचा. बाकीचा वेळ विमानतळावर अत्तरं हुंगण्यात जातो.

विमानाच्या आधीचं समुद्राचं पर्व मी भरभर उरकतो, कारण त्यावर याच मंचावरून पूर्वी बोललं गेलं आहे. ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईच्याच गोदीत बांधली गेली आणि मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली. एडनपर्यंत पुरेल इतका कोळसा तिच्या कोठारात मावेना, म्हणून सापडेल त्या मोकळ्या जागेत तो भरला होता. सुएझला पोचायला तिला महिना लागला. १८६९ मध्ये कालवा उघडला आणि आफ्रिकेला वळसा घालून सुमारे १९,८०० किलोमीटर असलेला लंडन–मुंबई सागरी मार्ग ११,६०० वर आला. पुढच्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने दोन्ही शहरं जोडली. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून राजपुताना बोटीने निघाले आणि मार्सेयहून रेल्वे धरून १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. दोन आठवडे. विमानाआधीचा हा उत्तम म्हणावा असा वेळ. कालवा १९६७ पासून १९७५ पर्यंत बंद राहिला, तेव्हा पुन्हा आफ्रिकेला वळसा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी मालवाहू जहाजांना पुन्हा तोच वळसा घालावा लागला. म्हणजे समुद्रही या नियमातून सुटलेला नाही.

माणसालाही हा नियम लागू होता. बोट आहे, पैसे आहेत, तब्येत बरी आहे, तरी पोचता येईलच असं नाही. १९१८ मध्ये लोकमान्य टिळक होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन विलायतेला निघाले. कोलंबोला पोचल्यावर सरकारने पासपोर्ट रद्द केले आणि सगळ्यांना परतावं लागलं. त्याच वर्षी पुढे इंग्रज पत्रकार चिरोल यांच्यावरच्या खटल्यासाठी मात्र त्यांना जाऊ दिलं. एकच माणूस, एकच लंडन. वसंतात ते अंतर अनंत होतं, शरदात बोटीच्या प्रवासाएवढं. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. आंबेडकर लंडनहून परतले ते सुखरूप पोचले, पण त्यांची पुस्तकं ज्या जहाजावर चढवली होती ते जर्मन टॉर्पेडोने बुडालं. गोळा केलेला ग्रंथसंग्रह समुद्रतळाशी गेला. आज व्हिसाच्या रांगेत उभं राहून आपण कुरकुरतो, तेव्हा हे दोन प्रवास आठवावेत.

आता विमानांकडे परत येऊ. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. थांबे कैरो आणि जिनिव्हा. पंखा असलेली चार इंजिनं, आतल्या मोजक्या उतारूंत राजेरजवाड्यांचा भरणा. बोटीचे दोन-तीन आठवडे आता दीड दिवसात मावले. इथे दोऱ्याचा संबंध नव्हता. एका दमात तेवढं इंधन नेता येत नव्हतं, म्हणून मार्ग थांब्यांवरून आखायचा. जिनिव्हाचा थांबा म्हणजे आल्प्सचा शेजार. दोनच वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, हेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँवर आदळलं. ४८ जण गेले. प्रवाशांत बहुतेक जहाजांवर कामाला निघालेले भारतीय खलाशी होते. बोटीवर चढायला विमानाने चाललेले ते लोक, त्यांची नावं आपल्याकडे कोणी घेत नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनगंगा' हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच जागी कोसळलं. ११७ जण गेले, त्यांत होमी भाभा होते. तिथली हिमनदी आजही त्यांचं सामान खाली आणून टाकते. इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी छापलेली भारतीय वर्तमानपत्रं २०२० मध्ये त्या बर्फातून बाहेर आली.

भाभांच्या मृत्यूभोवती कटाच्या कहाण्या आपल्याकडे आवडीने सांगितल्या जातात. मला त्यांत रस नाही. त्या पर्वताजवळून जावं का लागत होतं, हा साधा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थांबे घेत जाणाऱ्या विमानाला प्रत्येक थांब्याचे डोंगर आणि तिथलं हवामान पत्करावं लागतं. पुढे विनाथांबा उड्डाणं आली, तेव्हा वेळ वाचला तो वेगामुळे थोडा आणि न थांबल्यामुळे पुष्कळ.

वेगाचं म्हणाल तर एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ वापरायला सुरुवात केली. त्या विमानाचा वेग आणि आजच्या ड्रीमलायनरचा वेग जवळजवळ सारखा आहे. पासष्ट वर्षांत इंजिनं काटकसरी झाली, आवाज कमी झाला, पल्ला वाढला, पण वेग तिथेच. मधे काँकॉर्डने प्रयत्न केला. जानेवारी १९७६ मधलं ब्रिटिश एअरवेजचं पहिलं काँकॉर्ड लंडनहून बहरीनलाच गेलं, म्हणजे आपल्याच वाटेवर. पण ध्वनीपेक्षा वेगाने जमिनीवरून उडू द्यायला देश तयार होईनात. खाली जो दणका बसतो तो कोणाला आपल्या डोक्यावर नको होता. पुन्हा परवानगीच आडवी आली.

वाऱ्याचा हिशोब देतो म्हणालो होतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार प्रवाह असतात, हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. लंडनला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर. म्हणून जाताना दहा तास आणि येताना नऊच्या आत-बाहेर. पुष्कळांना वाटतं, जाताना गेलं ते येताना परत मिळतं. तसं होत नाही. हिशोबापुरता वारा सरासरी ताशी १०० किलोमीटर धरा. जाताना वेग ८००, म्हणून ९ तास. येताना १,०००, म्हणून ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर १६ तासच लागले असते. म्हणजे वारा जाताना जेवढं घेतो तेवढं येताना देत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो.

आणि घड्याळ तर सरळ फसवतं. दुपारी एकला मुंबई सोडलेलं विमान संध्याकाळी सहाच्या सुमारास लंडनला उतरतं. पाच तासांत पोचल्यासारखं वाटतं. परतताना रात्री साडेनऊला निघालं की सकाळी अकरा, म्हणजे साडेतेरा तास गेल्यासारखे. फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचारचा, कारण इंग्लंडमधलं घड्याळ तासभर पुढे सरकतं. मुंबईकरांनी घड्याळाशीही एके काळी भांडण काढलं होतं. १९०६ मध्ये देशभर एक वेळ ठरली, तरी मुंबईने आपला वेगळा 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत चालवला. तो देशाच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होता, म्हणजे लंडनच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे.

आता राजकारणात जाणारा तो उरलेला वेळ. १९४४ च्या शिकागो करारातलं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाची त्याच्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. बाकी सगळं त्यातून येतं. रशिया आणि युक्रेनचं युद्ध पेटलं आणि २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. दोऱ्याचा तो तुकडा गेला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही काही दिवसांत पाकिस्तानी विमानांना बंद केलं, आणि दोन्हीकडून महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. कराचीचा तुकडा गेला. १३ जून २०२५ रोजी इस्रायल–इराण संघर्ष भडकला, इराणचं आकाश बंद झालं, आणि लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान काही तास उडून मुंबईला परत आलं. त्याच दिवशी लंडनहून मुंबईला येणारं विमान व्हिएन्नाला उतरवावं लागलं. दोऱ्याचा इराणवरचा तुकडा त्या दिवशी गेला. मग वाट कुठली उरते? दक्षिणेची. समुद्रावरून अरबस्तानकडे, तिथून इजिप्त किंवा तुर्कस्तान, आणि भूमध्य समुद्र.

मुंबई त्यातल्या त्यात नशीबवान. पुढ्यात समुद्र असल्याने तिला पाकिस्तान चुकवणं सोपं पडतं. खरा फटका दिल्लीला बसतो, अमृतसरला बसतो. आणि पाकिस्तानची ही बंदी फक्त भारतीय विमानांवर आहे. परदेशी कंपनीला त्याच आकाशातून जायची मुभा आहे. त्यामुळे दोन शहरांमधलं अंतर शेपटीवर कुठला झेंडा रंगवला आहे यावर अवलंबून राहतं. ड्रीमलायनरसारखं विमान तासाला साधारण पाच टन इंधन पितं. अर्ध्या तासाचा वळसा म्हणजे अडीच टन. आणि ते जादा इंधन वाहून न्यायला आणखी थोडं इंधन लागतं, ते वेगळंच.

आपल्यासारख्या गावांत राहणाऱ्यांना हे सगळं थोडं चैनीचं वाटेल, हेही कबूल. इथून रात्रभराची बस, मग विमानतळावर तीन तास आधी हजेरी. हवेतल्या दहा तासांच्या आधी जमिनीवरचे तेरा-चौदा तास जातात. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या अखेरीस सुरू झाला, त्याने देशावरच्या लोकांचे त्यातले एक-दोन तास वाचावेत. दोऱ्याच्या या टोकाला सुधारणा होईल. मधल्या भागाचं काय?

माझं मत असं की पुढच्या वीस वर्षांत मुंबई–लंडनचा वेळ घटला तर तो इंजिन बनवणाऱ्यांमुळे घटणार नाही. तो घटला तर तेहरान, इस्लामाबाद, कीव्ह, मॉस्को आणि दिल्लीत कोणी सह्या केल्या म्हणून घटेल. प्रत्येक बंदी चुकीची असते असं मी म्हणत नाही. ज्या आकाशात क्षेपणास्त्रं उडत आहेत तिथे प्रवासी विमान नेणं हा गुन्हाच आहे. आणि शेजाऱ्याने दहशतवाद पोसला तर देशाला उत्तर द्यावं लागतं. पण उत्तराला किंमत असते आणि ती कोणीतरी मोजत असतं. २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. त्या वेळी नागरी विमानवाहतूक मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसला. एअर इंडिया तेव्हा सरकारी होती, म्हणजे ते पैसे तुमचे-माझे होते. आता कंपनी खासगी आहे, तेव्हा ते तिकिटातून जातात, आणि संसदेत कोणी विचारल्याशिवाय आकडा सभागृहापुढे येत नाही. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना पत्र लिहा आणि या वेळच्या बंदीचा आकडा सभागृहात मागायला सांगा.